जाऊन येतो

घराबाहेर पडताना आपल्याकडे 'जातो' असे म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात, फार तर 'जाऊन येतो' म्हणतात. 'जातो' म्हणणे अशुभ, एवढेच कारण लहानपणी सांगितले गेले होते. शुभाशुभाचे ते गाठोडे आम्ही केव्हाच खाली ठेवले, शब्द मात्र राहिला. कारण दळण आणणे, औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवणे, बँकेच्या पासबुकात नोंदी करून घेणे, कोणाचा रिकामा डबा परत करणे या कामांना त्याच्याइतके चपखल बसणारे दुसरे नाव आम्हाला सापडलेले नाही. ही जाऊन येण्याची कामे आहेत. त्यांत मुक्काम नाही, सत्कार नाही, छायाचित्रही नाही.

स्मरणिका समितीने लेख मागितला, तेव्हा 'शाळेने मला काय दिले' अशा विषयाची अपेक्षा असावी. त्या विषयावर आपल्या शाळेचे अनेक गुणवंत विद्यार्थी आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही आमच्या विजेवर चालणाऱ्या सायकलीविषयी लिहिणार आहोत. शाळा वाटेत लागेलच.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. एक जण १९७३ ते १९७९ या काळात आपल्या वसतिगृहात राहिलेला आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवून २०२० साली सेवानिवृत्त झालेला. दुसरी या शाळेत शिकलेली नाही. परंतु लग्नानंतरच्या प्रत्येक माजी विद्यार्थी मेळाव्याला तिने हजेरी लावली असल्यामुळे आणि भोजन समितीत तिचे नाव आपोआप घातले जात असल्यामुळे ती स्वतःला या शाळेची सून मानते. लेख दोघांचा आहे. कोणते वाक्य कोणाचे, हे वाचकांनी शोधू नये. आमच्या घरातही त्यावर एकमत होत नाही.

आपल्या शाळेच्या आरंभीच्या काळात वसतिगृहात एकच सायकल होती, हे जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. काळी, उंच, मागे जाड लोखंडी कॅरिअर, पुढे डायनामोवर लागणारा दिवा. तिची किल्ली अधीक्षक सरांच्या टेबलाच्या खणात असे आणि ती मागण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. ती दिली जात असे. आठवीच्या वरच्या मुलांच्या पाळ्या लागत. तालुक्याचे गाव तीन किलोमीटर दूर. तेथून दळण आणायचे, टपालपेटीत पत्रे टाकायची, कोणाची मनीऑर्डर आली आहे का ते विचारायचे, कंदिलासाठी रॉकेल आणायचे. ज्याची पाळी असे त्याला पहिल्या दोन तासांची सुटी मिळे, पण मुलांना त्या सुटीचे अप्रूप नव्हते. आपण गेलो नाही तर सर्वांचे अडेल, ही भावना बारा-तेरा वर्षांच्या मुलाला फार क्वचित मिळते.

ते दिवस १९७२ च्या दुष्काळाला लागून आलेले होते. आई-वडील रोजगार हमीच्या खडीवर आणि मुलगा वसतिगृहात, अशी घरे आमच्यात पुष्कळ होती. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडे. तरीही ती होती, हेच मोठे होते. स्वयंपाकघर मावशींचे. त्यांचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही, आणि 'मावशी' म्हटल्यावर त्या काळच्या कोणाही विद्यार्थ्याला आणखी काही सांगावे लागणार नाही.

एका भाद्रपदात आमच्यापैकी एकाची पाळी होती. उंची बेताची, त्यामुळे सीटवर बसून पाय पोचत नसत. नळ्यांच्या त्रिकोणातून पाय घालून हाफ पायडल मारीत सायकल चालवायची. कॅरिअरवर पिठाचे पोते. गावाबाहेरच्या ओढ्याला पाणी होते, ते गुडघ्याइतकेच दिसत होते, आणि सायकल ढकलीत नेण्याऐवजी वेगात पार करण्याची बुद्धी झाली. पुढचे चाक गोट्यावर चढले. पोते पाण्यात पडले. उचलेपर्यंत निम्मे पीठ लगदा होऊन गेले होते. तसाच रडत तो मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मावशींनी पोते उघडून पाहिले, वरचे भिजलेले पीठ परातीत काढले, त्यात मीठ घालून पातळ अंबील शिजायला टाकली आणि म्हणाल्या, "पाय मोडला नाही ना? मग उद्या परत जा." त्या रात्री साठ मुलांनी अंबील प्यायली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा त्याच मुलाला मिळाली. अधीक्षक सरांना हे मावशींनीच सांगितले होते, असे पुष्कळ वर्षांनी कळले.

आता एकदम २०२१ साली येऊ. आम्ही छत्रपती संभाजीनगरात भावसिंगपुऱ्याकडच्या एका वसाहतीत राहतो. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. त्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या छातीत दुखू लागले आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. नऊ दिवस रुग्णालयात काढले. घरात स्कूटर होती, परंतु ती चालवणारा खाटेवर होता. दुसरीला ना स्कूटर येत होती ना सायकल. रुग्णालय घरापासून साडेचार किलोमीटर. रिक्षा त्या दिवसांत मिळेल तेव्हा मिळे. शेजारचा मुलगा भला होता, तो मोटारसायकलवर नेऊन सोडी. पण त्याच्या सवडीने. डबा तयार असे, अंगावर लुगडे नेसलेले असे, आणि ती दाराशी उभी राहून शेजारच्या घराकडे कान लावी की मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज येतो का. आपल्या माणसाला भेटायला दुसऱ्याची सवड पाहावी लागते, हे तेव्हा जे बोचले ते अजून गेलेले नाही.

घरी आल्यावर मुलाने आपल्या परीने सगळी व्यवस्था लावून दिली. भाजी, किराणा, औषधे, दूध, जे लागेल ते तो पुण्याहून मोबाईलवर मागवी आणि आमच्या दारात पिशवी येऊन पडे. त्याच्या प्रेमाबद्दल आम्हाला शंका नव्हती. पण चार-पाच महिन्यांत असे झाले की आमच्या घरी रोज कोणीतरी येत होते आणि तरीही आम्हाला कोणी भेटत नव्हते. पिशवी ठेवणाऱ्याला थांबायला वेळ नसे. एकदा त्याला पाणी विचारले तर तो बिचारा गोंधळलाच. स्कूटर विकून टाकली. बाहेर जाण्याचे कारण उरले नाही, आणि कारणावाचून बाहेर पडणे आमच्या पिढीला जमत नाही. डॉक्टर म्हणत, रोज चाला. चालून कोठे जायचे?

इलेक्ट्रिक सायकलीची कल्पना डॉक्टरांच्याच खोलीत निघाली. साधी सायकल चालवली तर चढावर छातीवर ताण येईल, ही त्यांची भीती. मोटार मदत करणार असेल तर हरकत नाही, दम लागू द्यायचा नाही, एवढी अट त्यांनी घातली. २०२२ च्या दिवाळीपूर्वी ती घरात आली. मध्ये आडवी नळी नसलेली, त्यामुळे साडी नेसूनही बसता येते. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर. वजन पंचविसेक किलो. कायद्याने अडीचशे वॅटपर्यंतची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या अशा वाहनाला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. मुलाचा विरोध या बातमीने कमी न होता वाढला. "म्हणजे परवाना नसलेले दोन म्हातारे शहरात सुटणार," असे तो म्हणाला.

विज्ञानशिक्षकाच्या घरात वस्तू आली की तिचे रहस्य उलगडल्याशिवाय ती वापरली जात नाही. मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली आहे. पायडलच्या दांड्याजवळ लहान चुंबकांची एक चकती आहे. पायडल फिरू लागले की ती चकती फिरते, शेजारचा संवेदक ते ओळखतो आणि मोटारीला खबर देतो. पाय थांबले की मोटार थांबते. ब्रेकची दांडी नुसती दाबली तरी तिचा प्रवाह तुटतो. बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची, म्हणजे भरल्यावर तिच्यात ३६० वॅट-तास मावतात. वाया जाणारी वीज धरली तरी एका वेळच्या चार्जिंगला अर्ध्या युनिटाहून कमी लागते. तेवढ्यात आमची तीस किलोमीटरची धाव होते आणि ती आम्हाला तीन-चार दिवस पुरते. समजा सायकल, स्वार आणि पिशव्या मिळून शंभर किलोचे ओझे तीस मीटर उंच चढवायचे आहे. गणिताने त्याला आठ वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा लागते. नऊ वॅटचा दिवा तासभर लावला तर जवळपास तेवढीच खर्च होते. प्रत्यक्षात घर्षणामुळे अधिक लागते हे खरे, पण हा हिशेब वहीत मांडला तेव्हा आमच्यापैकी एक जण बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिला. ज्या चढाने आपली छाती फुटेल असे वाटत होते, तो चढ तासभराच्या उजेडाइतका होता.

दुसरीचा अभ्यासक्रम वेगळा होता. तिच्या माहेरी भावांना सायकल होती आणि तिला कॅरिअर होते. मुलीच्या जातीने सायकल शिकून कोठे जायचे आहे, असा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला जाई. उत्तर देण्यास तिला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. पहाटे नागसेनवनाच्या बाजूला रस्ते मोकळे असतात. तेथे मोटार बंद ठेवून, एकाने मागून कॅरिअर धरून शिकवणी सुरू झाली. ती तीन वेळा पडली. कोपर सोलले, एक बांगडी वाकली. फिरायला येणाऱ्या एका बाईंनी "या वयात कशाला?" असे विचारले, त्यावर "या वयाच्या आधी कोणी दिली नाही," एवढेच उत्तर मिळाले. सतराव्या दिवशी कॅरिअर धरणारा हात सुटला होता आणि तो सुटल्याचे तिला वळणापर्यंत कळले नाही. वळणावर कळले, तेव्हा ती चौथ्यांदा पडली.

तिची पहिली एकटीची फेरी आमच्या घरात नोंदवून ठेवलेली आहे. यादीत सहा वस्तू होत्या. ती केवळ मीठ घेऊन आली. बाकीच्या पाच वस्तूंचे काय झाले असे विचारता, "उद्या पुन्हा जायला नको का?" असे उत्तर आले. त्या दिवसापासून आमच्या घरात एकदम महिन्याचे सामान भरण्याची पद्धत बंद पडली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे चूक असेल. परंतु दररोज काहीतरी संपलेले असणे किती सुखाचे असते, हे ज्यांच्या दारात सगळे येऊन पडते त्यांना समजावून सांगता येत नाही.

आरंभी फजितीही पुष्कळ झाली. औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात सायकल हातात धरून उभे असताना पायडलवर सहज पाय ठेवला गेला आणि गाडी आपणहून पुढे निघाली. मेथीच्या ढिगात पुढचे चाक रुतले. भाजीवाल्या बाईने शिव्या दिल्या त्या रीतसर होत्या. आम्ही चार जुड्या विकत घेतल्या आणि तीन दिवस मेथी खाल्ली. तेव्हापासून थांबताना कळ बंद करण्याचा नियम झाला आहे. आता त्या बाई आम्हाला दुरूनच पाहून ढीग मागे ओढल्याचे नाटक करतात, आणि मेथी निवडक देतात.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात एकदा मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. कडुनिंबाखाली बसणाऱ्या पंक्चरवाल्या चाचांनी ते चाक पाहिले, तुंब्यातून निघालेली तार पाहिली आणि हात जोडले. चाक खोलायचे, तार तुटायची आणि नुकसान आपल्या माथी यायचे, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. मग आमच्यातल्या शिक्षकाने सांगितले की चाक खोलायचेच नाही. टायर एका कडेने सोडवायचा, ट्यूब बाहेर ओढायची आणि गाडी उभी असतानाच ठिगळ लावायचे. चाचांनी तसे केले. घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे दिसले, कानस फिरली, सोल्यूशन लागले, ठिगळ बसले. पैसे त्यांनी नेहमीचेच घेतले. वर आम्हाला चहा पाजला, कारण आता वसाहतीतल्या दुसऱ्या कोणाची अशी गाडी आली तर ती आपल्याला जमते, असे त्यांनी तेथल्या तेथे जाहीर केले होते. ते तिला 'शॉकवाली' म्हणतात.

या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी ते येते त्या दिवशी भांडी, टाक्या आणि मने भरण्यातच वेळ जातो, आणि कोणीही घर सोडत नाही. आमच्या फेऱ्यांचे पंचांग त्यामुळे पाण्याच्या दिवसावरून ठरते. उन्हाळ्यात सकाळी साडेआठाच्या आत परतायचे. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, अर्धा तास सावलीत निवू द्यायची, हेही आता हाताला बसले आहे. माणसाचेही तसेच करावे, असे आमच्यापैकी एकीचे मत आहे, पण उन्हातून आलेल्या माणसाला आधी हिशेब विचारण्याची तिची सवय तिनेच सोडलेली नाही.

आमच्या वाटेवर बारापुल्ला दरवाजा लागतो. ज्या शहराची वसाहत मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने केली आणि ज्याला पुढे दरवाजांचे शहर म्हणू लागले, त्यातल्या उरलेल्या दरवाजांपैकी हा एक. मोटारीतून जाताना तो अडथळा वाटतो. सायकलीवरून कमानीखाली शिरले की क्षणभर गार सावली अंगावर येते आणि घंटीचा आवाज दगडातून परत ऐकू येतो. आम्ही दोघेही तेथे विनाकारण घंटी वाजवतो. एकाने दुसऱ्याला हे सांगितले नव्हते, एकदा मागच्या कॅरिअरवर बसल्यावर ते उघड झाले. पुढे भडकल दरवाजापाशी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ फुलांची विक्री होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारासाठी फुले आणि मेणबत्त्या आणण्याचे काम वसाहतीने आमच्याकडे दिले आहे. पूर्वी त्यासाठी कोणाची तरी मोटार निघे आणि मोटार निघायची म्हणून चार माणसे, त्या चौघांच्या वेळा, त्या वेळांवरून वाद, असे सगळे निघे. आता फुले टोपलीतून येतात.

आता मावशींकडे यायला हवे. त्या आपल्या मुलीकडे पहाडसिंगपुऱ्यात राहतात, मकबऱ्याच्या पलीकडे, आणि नावातच पहाड असल्यामुळे तेथला रस्ता नावाला जागतो. त्या तेथे आहेत हे आम्हाला पंधरा वर्षांपासून ठाऊक होते. पंधरा वर्षांत आम्ही सहा वेळा गेलो असू. स्कूटर होती, सवडही होती. पण जायचे म्हटले की भेट ठरवावी लागे. हातात फळांची पिशवी हवी. आम्ही येणार म्हणून त्यांची मुलगी कामावरून सुटी घेई, पोहे होत, शेजारून खुर्च्या येत, मावशी ठेवणीतले लुगडे नेसून बसत. दोन्ही घरांना दमवणारा तो सोहळा असे, आणि म्हणून तो पुढे ढकलला जाई. आमच्या शाळेच्या मेळाव्यांतून 'मावशींना भेटले पाहिजे' हा ठराव आम्ही किती वेळा केला असेल, आणि सर्वांनी किती वेळा टाळ्या वाजवल्या असतील!

सायकल आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराकडचा चढ चढून पाहावा, एवढ्याच हेतूने आम्ही त्या बाजूला गेलो. मोटारीच्या मदतीची पायरी दोनवरून तीनवर नेली, श्वास लागला नाही, आणि चढ संपल्यावर परत फिरण्याचे काही कारण दिसले नाही. तसेच पुढे गेलो. मावशी ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. घरात दुसरे कोणी नव्हते. त्यांनी सायकलीकडे, मग पायडलकडे, मग मागच्या चाकाकडे पाहिले.

"ही आपोआप पळती?"

"थोडी आम्ही पळवतो, थोडी ती पळते."

"मग वैरण काय घालता हिला?"

वीज, असे सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लबाडाची. पिठाचं पोतं पाडणाऱ्याला अशीच पायजे होती." पन्नास वर्षांपूर्वीचा ओढा त्यांनी एका वाक्यात आमच्यासमोर आणून ठेवला. निघताना आम्ही विचारले, काही आणायचे आहे का? एरवी त्यांनी नाही म्हटले असते. पाहुण्याला काम सांगत नाहीत. पण पोरगा सायकलीवर दारात उभा आहे आणि कोठेतरी निघाला आहे, हे दृश्य त्यांच्या फार ओळखीचे होते. "गुडघ्याचं तेल संपलंय," त्या म्हणाल्या, "अन् ज्वारी दळून आणशील का? पोरीला येळ मिळंना. ते तयार पीठ कडू लागतं."

अशा रीतीने एकसष्ट वर्षांच्या विद्यार्थ्याची पाळी पुन्हा लागली. आता आठवड्यातून दोनदा आम्ही जातो. कधी एक जण, कधी दुसरी. पाच किलो ज्वारी टोपलीत येते. गिरणीवाल्याला ती मिलोच्या पिठात मिसळू नये असे सांगण्याची आता गरज नाही, पण गव्हावर दळू नको असे सांगावे लागते. मावशींच्या दारात आमचा मुक्काम पाच मिनिटांचा असतो. कोणी खुर्ची आणीत नाही. पोहे होत नाहीत. त्या ओट्यावरूनच बोलतात, आम्ही एक पाय जमिनीवर टेकवून ऐकतो. या पाच-पाच मिनिटांत त्यांनी जेवढे सांगितले तेवढे सहा सोहळ्यांत सांगितले नव्हते. दुष्काळात धान्य कमी पडे तेव्हा त्या स्वतः रात्री जेवत नसत, हे आम्हाला असेच, दळण उतरवताना कळले. त्यांनी ते सांगितलेसुद्धा नाही, आमच्यापैकी एकीने बाईमाणसाच्या नजरेने विचारले, "मावशी, साठ मुलांना पुरायचं का?" त्यावर त्या म्हणाल्या, "मुलांना पुरायचं." आम्ही त्या दिवशी परतताना दोघेही काही बोललो नाही. उतारावर मोटार बंद होती आणि चाकांचा आवाज तेवढा येत होता.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हा त्यांचा नियम अजून चालतो. कधी मूठभर भुईमुगाच्या शेंगा, कधी अंगणातल्या शेवग्याची पाने, एकदा तर केवळ दोन लवंगा, छातीत दुखेल तेव्हा चघळायला. स्टेंट बसवलेल्या माणसाने लवंगेवर भिस्त ठेवू नये, हे खरे. ती डबी आम्ही औषधांच्या कपाटात ठेवली आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. बॅटरी किती उरली आहे हे न पाहता निघालो आणि परतताना मकाई दरवाजाच्या आसपास ती संपली. पाऊस सुरू झाला. पंचवीस किलोची सायकल, वर मावशींनी दिलेले दोन दुधी भोपळे, आणि डॉक्टरांची दम लागू न देण्याची अट. त्या दिवशी दोघेही बरोबर होतो. एकाने हँडल धरले, दुसरीने मागून ढकलले, आणि दर शंभर पावलांवर थांबत घर गाठायला पावणेदोन तास लागले. वाटेत तीन मोटारी थांबल्या. त्यांतल्या एका तरुणाने आपली ओळख आपल्याच शाळेचा विद्यार्थी अशी करून दिली आणि सायकल टेम्पोतून पोचवण्याची तयारी दाखवली. आम्ही आभार मानून नकार दिला. हा हट्ट होता, हे मान्य आहे. पण आम्हा दोघांना त्या क्षणी एकच आवाज ऐकू येत होता, आणि तो 'पाय मोडला नाही ना?' असे विचारीत होता. घरी आल्यावर मुलाचा फोन आला, तेव्हा पावसाविषयी बोललो, ढकलण्याविषयी बोललो नाही. तो हा लेख वाचील तेव्हा त्याला कळेल.

मुलगा आता विरोध करीत नाही. मागच्या उन्हाळ्यात तो आठ दिवस राहिला. दोन दिवस मोबाईलवर सगळे मागवले. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर संपली, तेव्हा त्याने विचारले, किल्ली कोठे आहे? तो कोथिंबीर आणायला गेला आणि दीड तासाने आला. औरंगपुऱ्यातल्या बाईंनी त्याला कोणाचा मुलगा हे सायकलीवरून ओळखले होते. चाचांनी हवा भरून दिली होती. आम्ही दीड तासाविषयी काही विचारले नाही.

समितीने या स्मरणिकेसाठी शुभेच्छा जाहिराती गोळा करण्याचे पावतीपुस्तकही आमच्याकडे दिले होते. त्या निमित्ताने छावणी, बेगमपुरा, नंदनवन कॉलनी या भागांतील माजी विद्यार्थ्यांच्या दुकानांचे उंबरे झिजवले. बहुतेकांनी जाहिरात दिली. काहींनी आधी सायकल चालवून पाहिली आणि मग दिली. एकाने फक्त सायकल चालवून पाहिली. त्याची पावती अजून कोरी आहे, त्याने हे वाचावे.

लेख आज हाताने लिहून पूर्ण झाला. टंकलेखन समितीच करून घेणार आहे, तेव्हा कागद नेऊन द्यायचे आहेत. वाटेत गिरणी आहे, ज्वारी टोपलीत ठेवली आहे. औषधाच्या दुकानातून गुडघ्याचे तेल, या वेळी मोठी बाटली. टपालातून मुलीला पुस्तक पाठवायचे आहे. मावशींनी सुई-दोरा मागितला आहे, दोरा पांढराच हवा आणि सुई मोठ्या भोकाची, कारण आता ओवता येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली आहे, दोनदा पाहिली. पाणी उद्या येणार आहे, म्हणजे आज वेळ आहे.

जाऊन येतो.